शो आणि वर्किंग लाइन वेगळ्या ठेवायच्या का? उत्तर दुसऱ्या पिढीत मिळतं

शो लाइनच्या (प्रदर्शनासाठी जोपासलेल्या) मादीला वर्किंग लाइनचा (कामासाठी जोपासलेला) नर लावायचं ठरलं, की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र असतं: आईचं रूप आणि बापाचं काम. पिल्लं अशी वाटणी करून घेत नाहीत. जर्मन शेफर्डमध्ये हा क्रॉस आम्ही पहिल्या लिटरवर (एका वेतातल्या पिल्लांवर) न थांबता दुसऱ्या पिढीच्या परीक्षांपर्यंत नेला. त्यातली कामं, मोजमापं आणि चुका इथे मांडतो आहोत. दोन्ही लाइन कायमच्या वेगळ्या कराव्यात का, हा वादही त्यातच येईल. कामापासून तोडून तो घातला की नुसता आवाज वाढतो.

जर्मन शेफर्ड घेण्याचं कारण असं, की या ब्रीडच्या मायदेशी नोंदवही एकच आहे. एस.व्ही. हा या ब्रीडचा जर्मनीतला क्लब २२ एप्रिल १८९९ चा. त्याचे संस्थापक माक्स फॉन श्टेफानिट्झ यांचा होरांड फॉन ग्राफ्राथ हा त्या वहीतला पहिला कुत्रा. वही तेव्हापासून फुटलेली नाही. इतकंच नाही, तर तिथे आज शो लाइनच्या कुत्र्यालाही ब्रीडिंगच्या आधी कामाची परीक्षा द्यावी लागते: आय.जी.पी., नाहीतर मेंढरं राखण्याची. तरीही त्याच एका वहीत दोन कुत्रे तयार झाले. एक काळा-लाल, मागचे पाय खोल वळलेला, रिंगमध्ये, म्हणजे प्रदर्शनाच्या मैदानात, लांब पावलं टाकत धावणारा. दुसरा करडा किंवा काळा, आखूड, सरळसोट, चेंडू दिसला की जगाचं भान सोडणारा.

परीक्षा सक्तीची असताना हे झालं कसं, हे आधी नीट समजून घ्यावं. आय.जी.पी.मध्ये माग काढणं, आज्ञापालन आणि संरक्षण असे तीन भाग, प्रत्येकी १०० गुणांचे. पास व्हायला प्रत्येकात ७० लागतात. ७० मिळाले की शो ब्रीडरचं काम झालं. पुढची सगळी निवड तो रिंगमधल्या क्रमांकावर करतो. वर्किंगवाला ९० च्या पुढच्या गुणांवर निवडतो आणि शरीराच्या परीक्षेत उंबरठा ओलांडला की समाधान मानतो. म्हणजे परीक्षा दोघांची सारखी, पण एकाला जी नुसती चाळणी, ती दुसऱ्याची निवड. ज्या गुणाची निवड थांबते तो कुणी मुद्दाम घालवत नाही, त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं एवढंच. आठ-दहा पिढ्यांत तेवढं पुरतं.

आता प्रत्यक्ष क्रॉस. त्याची सुरुवात मादी हीटवर (माजावर) येण्याच्या वर्षभर आधी, कागदावर होते.

दोन्हीकडच्या पाच पिढ्यांच्या पेडिग्री (वंशावळी) शेजारी ठेवायच्या आणि सामाईक पूर्वज शोधायचे. कुणी बापाकडून तिसऱ्या आणि आईकडून चौथ्या पिढीत आला असेल तर त्याला ३-४ लिहितात. एका पूर्वजाच्या ३-४ मुळे पिल्लाचा इनब्रीडिंगचा आकडा साधारण १.५६ टक्के वाढतो. २-२ असेल, म्हणजे सावत्र भावंडांचं मेटिंग, तर १२.५ टक्के. शो आणि वर्किंगच्या क्रॉसमध्ये पाच पिढ्यांत हा आकडा बहुधा शून्यच येतो आणि लोक खूश होतात. दहा पिढ्या मोजल्या की तोच आकडा वर सरकतो, कारण मागे गेलं की दोन्ही वाटा त्याच मोजक्या नरांपाशी पोचतात. तरी स्वतःच्या लाइनमध्ये मेटिंग करण्यापेक्षा तो कमी असतो. क्रॉसच्या बाजूचा हा सगळ्यात भक्कम मुद्दा, आणि दिसणं किंवा चावून धरण्याची पकड यांच्याशी त्याचा काहीच संबंध नाही.

मग तपासण्या. कंबरेच्या सांध्याचा एक्स-रे १२ महिन्यांनंतर, पूर्ण गुंगी देऊन, पाठीवर झोपवून, मागचे दोन्ही पाय समांतर ताणून आणि गुडघे आत वळवून. गुंगी अपुरी पडली की कुत्रं अंग आखडतं, ओटीपोटाचं हाड तिरकं येतं आणि एका बाजूचा सांधा आहे त्यापेक्षा वाईट तर दुसरा चांगला दिसतो. फिल्मवर हाडातली दोन भोकं सारख्या आकाराची दिसली नाहीत तर ती फिल्म पाठवू नका, पुन्हा काढा. मादी हीटवर असताना किंवा पिल्लांना दूध पाजत असताना एक्स-रे टाळावा, कारण सांधे तेव्हा सैल असतात. कोपरांचे एक्स-रे त्याच गुंगीत उरकावेत. रक्ताच्या नमुन्यातून डी.एम.ची, म्हणजे मज्जारज्जू झिजून मागचे पाय लुळे पडण्याच्या आजाराची, जनुक-चाचणी करावी. एक बाजू पूर्ण स्वच्छ असेल तर वाहक कुत्रा (दोष बाळगणारा, पण स्वतः आजारी न पडणारा) बाद करायचं कारण नाही.

शो लाइनचा रक्तसंबंध येत असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी: हिमोफिलिया ए, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार. आजच्या शो लाइनच्या पायातला एक मोठा नर, १९६८ मध्ये जन्मलेला कान्टो फॉन डेर वीनराऊ, याला तो आजार होता. दोष एक्स गुणसूत्रावरचा. मादी स्वच्छ असेल तर आजारी नराचे सगळे मुलगे स्वच्छ असतात, सगळ्या मुली वाहक. एकाच नराकडे सगळ्यांनी धाव घेतली की काय होतं, याचं यापेक्षा स्वच्छ उदाहरण नाही. नराची रक्त गोठण्याच्या आठव्या घटकाची तपासणी करून घ्यावी, म्हणजे बापाकडून मुलींकडे दोष गेल्याची शंका राहत नाही.

यानंतर आम्ही एक कागद करतो. डावीकडे मादीत काय कमी आहे, उजवीकडे नरात काय कमी आहे. पाचपेक्षा जास्त गोष्टी लिहायच्या नाहीत, आणि त्याला कारण आहे. समजा पाच गुण एकमेकांपासून स्वतंत्र आहेत आणि प्रत्येकात पिल्लांतली वरची अर्धी ठेवायची आहेत. पाचही गाळण्यांतून सरासरी ३२ पैकी १ पिल्लू उरतं. लिटर ८ चं धरलं तर एका कुत्र्यासाठी चार लिटर लागतात. लाइन वेगळ्या ठेवा म्हणणाऱ्यांचा खरा युक्तिवाद हा आहे, जरी ते तो अशा शब्दांत मांडत नाहीत: मागण्या वाढवाल तितकी प्रत्येक मागणीतली निवड सैल होते. रंग, डोक्याची ठेवण, पुठ्ठ्याचा उतार, पकड, घरातली शांतता हे सगळं एकदम मागणारा माणूस शेवटी रंगावर निवड करतो, कारण तो तीन आठवड्यांत दिसतो.

रंगाचं एवढंच सांगून पुढे जातो. करडा, म्हणजे सेबल, हा काळ्या-लालवर प्रबळ आहे आणि पूर्ण काळा दोघांखाली दबतो. सेबल नर आणि काळी-लाल मादी असेल तर सरासरी निदान निम्मी पिल्लं सेबल निघतील. रिंगमध्ये त्यांना वाव कमी आणि खेळाच्या मैदानावर मान जास्त, म्हणून पिल्लं बघायला येणारे रंगावरून स्वभाव ठरवून टाकतात. काळं-लाल पिल्लू बापाचं डोकं घेऊन आलं असेल तर ते हमखास चुकीच्या घरी जातं.

मेटिंगसाठी रक्तातलं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक मोजावं. ५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या आसपास बीज सुटतं, त्यानंतर दोन आणि चार दिवसांनी मेटिंग. बीज सुटल्यापासून ६३ दिवस, एक-दोन दिवस इकडे तिकडे. बाकी बाळंतपण कुठल्याही लिटरसारखंच.

पिल्लांच्या निवडीत मात्र घाई नडते. सात-आठ आठवड्यांची चाचणी आम्हीही करतो: अनोळखी खोली, अनोळखी माणूस, एका वेळी एकच पिल्लू, दहा मिनिटं, व्हिडिओसकट. पत्र्याचं झाकण पाठीमागे टाकायचं आणि दचकल्यापासून झाकण हुंगायला परत येईपर्यंतचे सेकंद मोजायचे. दचकणं महत्त्वाचं नाही, सावरणं महत्त्वाचं. जेवण झाल्या झाल्या किंवा झोपेतून उठवून चाचणी घेतली तर आकडे वाया जातात. ब्रीडर स्वतः खोलीत असला तरी तेच. पण या चाचणीवरून मोठेपणीचं काम ठरत नाही. स्वीडनमध्ये जर्मन शेफर्डच्या आठ आठवड्यांच्या पिल्लांवर केलेला अभ्यास १९९८ मध्ये छापून आला. त्यातही पिलूपणीचे गुण आणि मोठेपणीचं वागणं यांचा मेळ फारसा बसला नव्हता. आम्ही या चाचणीचा उपयोग घर निवडायला करतो, ब्रीडिंगचं कुत्रं निवडायला नाही.

पहिल्या पिढीची पिल्लं साधारण मधली निघतात. मागच्या पायांचा कोन मधला, उत्साह मधला, घरात बरी. हे पाहून ब्रीडरला वाटतं की जमलं. इथेच फसगत होते. या पिल्लांत दोन्ही बाजूंची अर्धी अर्धी शिदोरी असते, म्हणून ती एकसारखी दिसतात. त्यांना पुढे जोडलं की पत्ते पिसले जातात, आणि मग एकाच लिटरमध्ये आजीचे सैल घोटे आणि आजोबांची बेभान ओढ घेऊन आलेलं पिल्लू निघतं. नेमकं उलटं, आपल्याला हवं ते, तेव्हाच निघण्याची शक्यता असते. पहिल्या लिटरवर थांबणाऱ्याने फक्त खर्च केला, निवड केलीच नाही.

दरम्यान त्या मधल्या कुत्र्यांच्या वाट्याला अडचण येते. खेळाडू हँडलरला ती मंद वाटतात, नुसतं घरी पाळणाऱ्याला जड जातात. म्हणून पिल्लू देतानाच लेखी ठरवून घ्यावं: १२ महिन्यांनी एक्स-रे सगळ्यांचा, नुसतं पाळायला नेलेल्यांचाही. एका कुत्र्याचा चांगला सांधा फार काही सांगत नाही. आठही भावंडांचे निकाल हातात असतील तर आई-बापांनी काय दिलं ते कळतं. चांगली निघालेली तीन दाखवायची आणि उरलेल्यांची चौकशीच करायची नाही, ही सवय दोन्ही लाइनींत सारखीच मुरली आहे. त्या बाबतीत एकी आहे म्हणायची.

प्रौढ कुत्र्याची तपासणी आम्ही तीन ठिकाणी करतो.

पहिली २० किलोमीटरची दौड. सायकलच्या बाजूने, ताशी १२ ते १५ किलोमीटर, मधे विश्रांती. विश्रांती सोडली तर किमान वेगाने १ तास ४० मिनिटं लागतात. तयारी आठ आठवडे: सुरुवात ३-४ किलोमीटरने, आठवड्यातून तीनदा, मातीच्या वाटेवर, आणि शेवटच्या दोन आठवड्यांत एकदा १५ पर्यंत. डांबरावर सराव केला तर दम टिकतो, पण पंजाच्या गाद्या सोलवटतात आणि परीक्षेत कुत्रं त्यापायी बाद होतं. मागच्या पायांचा कोन जास्त असलेलं कुत्रं पहिले ८ किलोमीटर देखणं धावतं. त्यानंतर घोटे आत झुकायला लागतात, मागचं पाऊल घासतं, नखांची टोकं झिजलेली दिसतात. सुरुवातीला आणि शेवटी मागून प्रत्येकी अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घेतला तर वाद उरत नाही. या दौडीत वर्किंग लाइनची सगळीच कुत्री चांगली ठरतात असंही नाही. पुढचा खांदा सरळ असलेली कुत्री आखूड पावलं टाकतात आणि त्याच अंतरात जास्त दमतात. शोवाल्यांनी जपलेला खांदा खरोखर घेण्यासारखा आहे.

दुसरी माग काढण्याची. आय.जी.पी. १ साठी वयाची अट १८ महिने. माग हँडलरने स्वतः टाकलेला, किमान ३०० पावलांचा, तीन सरळ रेषा, दोन काटकोन, दोन वस्तू, निदान २० मिनिटं जुना. यात शो लाइनचं रक्त पुष्कळदा फायद्याचं ठरतं: नाक जमिनीला, डोकं थंड. वर्किंग लाइनचं कुत्रं वळणाच्या पुढे दोन-तीन पावलं निघून जातं आणि गोल फिरून परततं, तिथे गुण जातात. ओढ कमी करून चालत नाही. पावलागणिक खाऊ ठेवून वेग उतरवावा लागतो आणि वळणाच्या आधीची दहा पावलं दाट पेरावी लागतात.

तिसरी संरक्षणाची, आणि सगळ्यात जास्त फसवाफसवी इथेच. ओळखीचं मैदान, ओळखीचा हेल्पर (हल्लेखोराचं सोंग घेणारा माणूस), रोजची स्लीव्ह (त्याच्या हातावरची जाड बाही), असं असेल तर ७० गुण बहुतेक कुत्र्यांना मिळवून देता येतात. त्यातून ब्रीडिंगसाठी कळतं शून्य. आम्ही दोनदा पाहतो: एकदा घरच्या मैदानावर, एकदा परक्या मैदानावर परक्या हेल्परसमोर. स्लीव्ह मागच्या दाढांपर्यंत भरली आहे की पुढच्या दातांनी धरली आहे, हे पाहायचं. मऊ काठीचा दाब आला की पकड आणखी आत जाते की बाहेर सरकते? हेल्पर थांबल्यावर कुत्रं त्याच्याकडे बघतं की नुसत्या स्लीव्हकडे? घरी पूर्ण पकड आणि बाहेर पुढचे दात, असं दिसलं तर ते प्रशिक्षण आहे, मज्जा (दाबाखाली न ढळणारा स्वभाव) नव्हे. उलट बाजूचा दोषही मोजावा. काम संपल्यावर कुत्रं किती वेळात शांत होतं? गाडीत बसल्यावर वीस मिनिटं धापा टाकत गोल फिरणारं कुत्रं ओढीने भरलेलं असेल, पण त्याची मज्जा भक्कम आहे असं त्यावरून म्हणता येत नाही. वर्किंग ब्रीडर या दोन गोष्टींची गल्लत सर्रास करतात.

दुसऱ्या पिढीसाठी पहिल्या पिढीतली एक मादी निवडायची. तिला मिश्र नर लावायचा की कुठल्या तरी एका लाइनमध्ये परत न्यायचं? आमचं मत परत न्यायचं, आणि बहुतेक वेळा वर्किंगकडे. मिश्र नराला मिश्र मादी दिली तर विखुरणं सगळ्यात जास्त होतं. आठाच्या लिटरमध्ये ते पेलत नाही. एका बाजूला परत नेलं तर तीन चतुर्थांश रक्त एका लाइनचं राहतं, आणि दुसऱ्या लाइनमधून एकच गोष्ट, समजा खांदा, पकडून ठेवायचा प्रयत्न करता येतो. वर्किंगकडे का, तर हाडांची ठेवण डोळ्यांनी दिसते आणि निवडीला लवकर दाद देते. वागण्यातल्या गुणांचा अनुवंश कमी असतो. तो, म्हणजे निवडीतला पुढच्या पिढीत उतरणारा वाटा, ०.२ धरला, आणि निवडलेले आई-बाप सरासरीपेक्षा १० गुणांनी सरस असले, तर पुढची पिढी सरासरी २ गुणांनीच सरकते. इतक्या हळू मिळणारी गोष्ट एका मेटिंगमध्ये निम्मी करून टाकली तर परत यायला किती पिढ्या लागतील याचा हिशेब सोपा आहे.

हे सगळं साडेचार ते पाच वर्षांचं काम. मेटिंगनंतर दोन महिने, पहिली पिढी दोन वर्षांची होईपर्यंत परीक्षा, पुन्हा हीटची वाट, पुन्हा दोन महिने, पुन्हा दोन वर्षं. ज्याच्याकडे एवढा वेळ आणि दोन पिढ्या ठेवायला जागा नाही त्याने आपल्याच लाइनमध्ये राहावं, हे आम्ही तोंडावर सांगतो.

मग वही फोडून दोन ब्रीड करावीत का? बॉर्डर कॉलीत जवळपास तसं झालं आहे. आय.एस.डी.एस. ही मेंढपाळ कुत्र्यांची संस्था १९०६ पासून मेंढरांवरच्या कामाला वाहिलेली. ब्रिटनच्या केनेल क्लबने ब्रीडला मान्यता दिली १९७६ मध्ये. अमेरिकेतली कामाची नोंदवही तर रिंगमध्ये चॅम्पियन झालेलं कुत्रं काढूनच टाकते. त्यांचं काम शुद्ध राहिलं हे मान्य. पण त्यांची वही मोठी, शेतावर रोज राबणारी कुत्री अगणित. दार लावून घेणं त्यांना परवडतं. छोट्या ब्रीडने त्यांची नक्कल केली तर दोन्ही अर्ध्यांत नर कमी पडतील, आणि कान्टोची गोष्ट दोन ठिकाणी घडेल.

दुसरं टोक जर्मन ड्राटहार या शिकारी ब्रीडचं. तिथे वसंतातली आणि शरदातली अशा दोन शिकारी परीक्षा आणि शरीराची तपासणी पार केल्याशिवाय कुत्रं ब्रीडिंगला लागत नाही, आणि ही कुत्री मुख्यतः शिकारीच ठेवतात. रिंगमध्ये जिंकून नाव कमावण्याची वेगळी बाजारपेठच उभी राहिली नाही, म्हणून लाइन फुटायला कारण मिळालं नाही. शेफर्डला हे आता जमणार नाही. रिंगची बाजारपेठ शंभर वर्षं जुनी आहे. अगदी १९२५ मध्ये श्टेफानिट्झ यांना उंच, चौकोनी होत चाललेली कुत्री रोखायला कमी उंचीच्या क्लोडो फॉन बॉक्सबेर्गला विजेता करावं लागलं होतं, आणि तेही रिंगमधूनच.

म्हणून आम्ही वही एकच ठेवण्याच्या बाजूचे, पण नोंद वाढवण्याच्या. पास-नापास एवढंच न छापता पेडिग्रीवर तिन्ही भागांचे गुण यावेत, परीक्षा घरच्या मैदानावर झाली की परक्या तेही यावं, आणि लिटरमधल्या किती पिल्लांचे एक्स-रे झाले ते यावं. आम्ही आमच्या लिटरच्या कागदांवर हे हाताने लिहितो. नुसतं ७०-७१-७० एवढं वाचलं तरी तो नर मादीला लावायचा की नाही हे समोरच्याला कुणी सांगावं लागत नाही.